कारण: रस्ता माहीत आहे

माझ्या कॉम्प्युटरवर सगळ्यांत जास्त लाल ठिपके ज्या माणसाच्या नावापुढे उमटले, तो माणूस एकदाही वाट चुकला नाही. हे वाक्य मी त्या वेळीच आमच्या मॅनेजरच्या तोंडावर फेकायला हवं होतं. तेव्हा हिंमत झाली नाही. आता निदान लिहून तरी ठेवतो.

सौदी म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना वाळू आणि उंट दिसतात. मी राहतो ते खमीस मुशैत शहर मात्र डोंगरावर आहे. इथे हिवाळ्यात स्वेटर लागतो, आणि दुपारी चारच्या सुमाराला धुकं उतरलं की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नाहीत. घरी आजारी असलेल्या माणसांना ऑक्सिजनचे सिलिंडर, नळ्या, मास्क असलं सामान पोचवणारी आमची कंपनी, आणि मी तिथे डिस्पॅचला, म्हणजे कुठली गाडी कुठे जाते त्यावर नजर ठेवायला. बारा व्हॅन, बारा ड्रायव्हर आणि एक पडदा एवढा माझा संसार. नाशिकहून निघताना मला जुबैलच्या एखाद्या मोठ्या प्लांटमध्ये इंजिनिअर व्हायचं होतं. ते हुकलं आणि इथे येऊन पडलो, त्यामुळे पहिली दोन वर्षं मी सगळ्या जगावर चिडलेलाच असायचो. चिडलेल्या माणसाला नियम फार आवडतात. मलाही आवडायचे.

प्रत्येक व्हॅनच्या काचेला कंपनीचं जीपीएस चिकटवलेलं होतं. कुठल्या घरी कुठल्या रस्त्याने जायचं त्याची निळी रेघ ते दाखवायचं. ड्रायव्हरने रेघ सोडली की माझ्या पडद्यावर लाल ठिपका उमटायचा आणि त्याच्या यंत्रावर चौकट उघडायची: कारण द्या. खाली पर्याय असत. ट्रॅफिक, रस्ता बंद, गाडीत बिघाड, ग्राहकाची विनंती, इतर. अकरा ड्रायव्हर डोळे झाकून ‘ट्रॅफिक’ दाबत. बारावा गाडी बाजूला घेई, खिशातून चष्मा काढून नाकावर चढवी, ‘इतर’ दाबी आणि एका बोटाने इंग्रजीत टाइप करी: रोड नोन. रस्ता माहीत आहे. दर वेळी हेच दोन शब्द, त्यात कधी स्वल्पविरामाचाही फरक नाही.

हा बारावा माणूस म्हणजे आमचे चाचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका मोहल्ल्यातले, साठीला टेकलेले, बुटके, छातीने रुंद. कंपनीच्या निळ्या शर्टावर बारा महिने बायकोने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. तो गणवेशात बसत नाही असं त्यांना तीन मॅनेजरांनी सांगून पाहिलं. मॅनेजर बदलले, स्वेटर तिथेच राहिला.

पहिल्यांदा मी त्यांना जाब विचारायला बोलावलं, तेव्हा सवयीप्रमाणे हिंदीत सुरुवात केली. ‘‘आप रूट क्यों छोड़ते हैं?’’

चाचा खुर्चीवर ऐसपैस बसले. ‘‘तू कुठला?’’

‘‘नाशिकचा.’’

‘‘मग मराठीत विचार, नाशिककर. हिंदीत विचारलंस तर मी हिंदीत उत्तर देईन, आणि हिंदीत मला खोटंच बोलता येतं.’’

मग मी मराठीत विचारलं. त्यांनी मराठीत सांगितलं, ‘‘रस्ता माहीत हाय म्हणून.’’ आणि उठून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी कायमचा नाशिककर झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला अजून शंका आहे.

एकदा तपासणीसाठी मी दिवसभर त्यांच्या व्हॅनमध्ये बसलो. काचेवर दोन यंत्रं होती. एक कंपनीचं, गुळगुळीत. दुसरं चाचांचं स्वतःचं, जुनं, जाड, कोपऱ्यात तडा गेलेलं. जुनं यंत्र मुकं होतं. कंपनीच्या यंत्रातून मात्र एक बाई अखंड इंग्रजीत सूचना देत असे. बाकीचे ड्रायव्हर तिचा आवाज बंद करून टाकत. चाचा तो पूर्ण वाढवून ठेवत, कारण त्यांना भांडायला कोणीतरी लागायचं.

बाई म्हणाली, उजवीकडे वळा. चाचा म्हणाले, ‘‘उजवीकडे शाळा सुटली असंल आता. तुला पोरं नायत, तुला काय कळणार?’’ आणि सरळ गेले. बाई म्हणाली, यू-टर्न घ्या. ‘‘तूच घे,’’ चाचा म्हणाले. बाई म्हणाली, पुन्हा हिशेब करत आहे. ‘‘कर, कर. तुझा हिशेब होईस्तोवर मी पोचतो.’’ ती फारच हट्टाला पेटली तेव्हा त्यांनी लाल दिव्याला गाडी थांबवून यंत्राचं तोंड काचेतून बाहेर फिरवलं. ‘‘बग. ह्याला रस्ता म्हणतात. बगून घे एकदा आणि मग बोल.’’ दिवा हिरवा होईपर्यंत ते यंत्र बिचारं समोरच्या चिकनच्या दुकानाकडे बघत होतं. मी तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहिलं, कारण तपासणी अधिकाऱ्याने हसायचं नसतं.

सिलिंडर ते कधी जमिनीवरून लोळवत नसत. छोटे तर नाहीच, मोठेसुद्धा ट्रॉलीवर पट्ट्याने बांधून उभेच न्यायचे. सगळे ड्रायव्हर लोळवतात, त्याने काही बिघडत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेतले पीटीचे सर आठवले. ‘‘माणसाचा दम हाय यात. दम काय लोळवत न्यायचा?’’

दुपारी एकला घाटाच्या कडेला एका जुनिपरच्या झाडाखाली गाडी थांबायची. भात, सुक्या बांगड्याचं कालवण आणि कांदा. तिथे मोठमोठी माकडं येत, कुत्र्यासारख्या तोंडाची. दुसरे लोक त्यांना केळी फेकत आणि फोटो काढत. चाचा त्यांना काहीच देत नसत, उलट डबा मांडीवर घट्ट धरून समजावत बसत. ‘‘कामं करा. मी पण गाव सोडून हिकडं कामाला आलोय. मला कोण केळी फेकतो?’’ माकडं शांतपणे ऐकून घेत. कंपनीच्या यंत्रापेक्षा ती समजूतदार होती एवढं खरं.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिचा अर्थ मला लागला नाही. निळी रेघ एका मोठ्या, सोनेरी नक्षीच्या फाटकाशी संपली. चाचा तिथे थांबले नाहीत. भिंतीला वळसा घालून बाजूच्या गल्लीत एका साध्या लोखंडी दाराशी गेले, बेल दाबली, तीन पावलं मागे आले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. अगदी शिक्षा केल्यासारखे, भिंतीकडे तोंड करून. आतून बाईचा आवाज आला. मग ते ‘‘तरीग, तरीग,’’ म्हणजे वाट द्या, असं मोठ्याने म्हणत, मान खाली घालून सिलिंडर आत ठेवून आले. मी वहीत लिहिलं: अनावश्यक वळसा, वेळ सहा मिनिटं. आज ती वही माझ्याकडे नाही याचं मला बरंच वाटतं.

त्यांच्या जुन्या यंत्रात सहाशेच्या वर ठिकाणं साठवलेली होती आणि त्यात खमीसमधलं एकही नाव नव्हतं. पेरूवाली. हाफिज मास्तर. सुकी विहीर. कौलवाला. बंदरावरची फुफी. आपल्या गावातल्या घरांची नावं त्यांनी इथल्या घरांना देऊन टाकली होती. ज्या म्हातारीचा स्वभाव गावातल्या पेरूवालीसारखा, ती पेरूवाली. ज्याच्या अंगणातला पंप कायम बंद, तो सुकी विहीर. मी फोन करून कुठे आहात विचारलं की उत्तर यायचं, ‘‘आता हाफिज मास्तरकडनं निघालो. कौलवाल्याकडं जाऊन मग फुफीकडं.’’ मी कपाळाला हात लावून बसायचो. एकदा वैतागून म्हणालो, ‘‘चाचा, सरळ पेशंटचं नाव का लिहीत नाही?’’

‘‘तो माणूस आजारी हाय ते त्याच्या घरच्यांना ठाव हाय, डॉक्टरला ठाव हाय, मला ठाव हाय. या डब्याला कशाला? उद्या डबा चोरीला गेला तर अख्ख्या शहराची दुखणी चोराच्या हातात जातील.’’

 मी नेहमीप्रमाणे नियमाकडे बोट दाखवलं.

आणि मग एके दिवशी खरोखरच नवा नियम आला. आमचे मॅनेजर हैदराबादचे होते, माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेल्या प्रत्येक कागदाला ते आजारी मुलासारखं जपत. त्यांनी सगळ्या ड्रायव्हरांना उभं केलं. ‘‘देखो जी, ऊपर से आया है. महीने में तीन लाल हुए तो बंदा गोदाम में. फिर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नहीं. खलास.’’

सगळ्यांनी माना खाली घातल्या. चाचांनी हात वर केला. ‘‘साब, मैं गोदाम में नहीं बैठेगा. मैं सिलिंडर है क्या?’’

सगळे हसले, मॅनेजरही हसले, पण नियम राहिला. चाचांच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, शेवटचं वर्ष होतं. त्यांच्या वयाच्या माणसाला गोदामात टाकणं म्हणजे घरी पाठवण्याचाच लांबचा रस्ता. आणि त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं, की बावीस वर्षांपूर्वी मी आलो तो माझ्या मर्जीने आणि जाईन तोही माझ्या मर्जीने, कोणी काढून टाकलं म्हणून नाही. मोहल्ल्यात परत जाऊन लोकांना काय सांगायचं, हा त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता, आणि तो त्यांना फार मोठा वाटत होता.

नियमाची आणखी एक ओळ होती. व्हॅनमध्ये खासगी यंत्रं ठेवायची नाहीत. चाचांच्या यंत्रातली ठिकाणं मात्र कंपनीला हवी होती, कारण त्यांची एकही फेरी वाया जात नसे हे वरच्यांनाही दिसत होतं. हे काम माझ्याकडे आलं. चाचा दोन आठवडे यंत्र द्यायला तयार नव्हते. शेवटी एका सकाळी टेबलावर आणून ठेवलं. ‘‘घे. मी गेल्यावर दुसऱ्याला कामाला येईल. पण एक सांगतो, आत हात लावू नको कशाला.’’

‘‘हात कशाला लावेन?’’ मी म्हणालो.

मी ती यादी कंपनीच्या सिस्टिममध्ये भरली, आणि सिस्टिमने ताबडतोब सांगितलं की यात भरमसाट नोंदी दुहेरी आहेत. पाहिलं तर खरंच. पेरूवाली-१, पेरूवाली-२. कौलवाला-१, कौलवाला-२. दोन्हींत दहा-पंधरा मीटरचं अंतर. काही घरांना तर नुसतं शून्य: सुकी विहीर-०. मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोट दोनदा लागलं असणार. नाशिकच्या आमच्या घराला एक दार. माझ्या मामाच्या घराला एक दार. मी जन्मात पाहिलेल्या प्रत्येक घराला आत जायला एक दार होतं. मी ‘दुहेरी नोंदी काढून टाका’ दाबलं, शून्यंही काढून टाकली, आणि नियमाप्रमाणे जुनं यंत्र कोरं करून परत केलं. यादी किती स्वच्छ दिसत होती! मॅनेजरना दाखवली. ते म्हणाले, शाबाश, जुबैलच्या ऑफिसात एक जागा होते आहे, तुझं नाव लावतो. मी त्या संध्याकाळी जुबैलकडच्या खोबरला राहणाऱ्या माझ्या मित्राला फोन करून समुद्राकाठी फ्लॅटचं भाडं किती पडतं तेसुद्धा विचारून घेतलं.

त्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत चाचांच्या नावापुढे दोन लाल ठिपके होते.

एकविसाव्या दिवशी पेरूवालीचा सिलिंडर न्यायची पाळी केरळच्या एका ड्रायव्हरची होती. तो रेघेवरून गेला, एक इंचही न ढळता. सोनेरी फाटकाशी थांबला, बेल वाजवली. कोणी आलं नाही. फोन लावला तर बंद. नंबर होता तिच्या मुलाचा; तो लष्करी छावणीत नोकरीला, ड्यूटीवर असताना फोन बाहेर जमा करावा लागे. ड्रायव्हर नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबला, ‘घरी कोणी नाही’ दाबलं आणि पुढे घाटाखालच्या गावाकडे निघून गेला. त्याची काहीच चूक नव्हती.

घरात म्हातारी होती आणि सून होती. सोनेरी फाटक पुरुषांच्या बैठकीचं. मुलगा नसला की त्याला आतून कडी, आणि त्याची बेल बैठकीतच वाजते, जिथे तेव्हा कोणी नसतं. बायकांचं दार गल्लीतलं, लोखंडी. तेच पेरूवाली-२. तेच मी पुसलेलं.

साडेतीनला सुनेचा ऑफिसात फोन आला. रिसेप्शनवरच्या सुदानी सहकाऱ्याने धावत येऊन मला सांगितलं: सिलिंडर आला नाही, लावलेला संपत आलाय, बाई घाबरलीय, ॲम्ब्युलन्सला कळवलंय पण धुक्यात घाटात अपघात होऊन रस्ता तुंबलाय. मी पडद्यावर पाहिलं. केरळचा ड्रायव्हर घाटाखाली अडकलेला. जवळात जवळ एकच व्हॅन, तीत एक जादा सिलिंडर, आणि ती व्हॅन चाचांची. त्यांची निळी रेघ बरोबर उलट्या दिशेला चालली होती.

मी फोन केला. सगळं सांगितलं, आणि मग, माझी मलाच लाज वाटते, म्हणालो, ‘‘चाचा, दहा मिनिटं थांबा. मॅनेजर नमाजाला गेलेत. ते आले की नवीन रूट मंजूर करून देतो. नाहीतर तिसरा ठिपका पडेल.’’

पलीकडून त्या यंत्रातल्या बाईचा आवाज येत होता.

‘‘ती बाय दम मोजतेय, आणि मी मंजुरीची वाट बघू?’’ चाचा म्हणाले. ‘‘ठेव फोन.’’

मग मी ती लाल रेघ पडद्यावर काढली जाताना पाहिली. मोठा रस्ता सोडून जुन्या गुरांच्या बाजारामागून, नकाशात जिथे नुसता राखाडी रंग होता तिथून, एका कोरड्या ओढ्याच्या कडेने. मला काही करता येत नव्हतं. मी उभा होतो. अठरा मिनिटांनी ठिपका सोनेरी फाटकापाशी आला, न थांबता वळला आणि गल्लीत जाऊन स्थिर झाला. चार मिनिटांनी माझ्या पडद्यावर चौकट उघडली. कारण: रोड नोन.

म्हातारी वाचली. चाचांनी काही चमत्कार केला नव्हता. योग्य दार वाजवलं होतं, इतकंच.

संध्याकाळी ते गाडी लावून माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी कंपनीचं यंत्र काचेवरून काढून आणलं होतं. यादी उघडून ती बोटाने खाली खाली सरकवत राहिले, सगळी सहाशे घरं संपेपर्यंत, म्हणजे आता ती चारशेही उरली नव्हती.

‘‘माझ्या गावातली निम्मी दारं तू बुजवलीस, नाशिककर.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला आणि गेले. बावीस वर्षं एकेका दाराशी उभं राहून गोळा केलेलं ते गाव मी एका सकाळी, चहा पिता पिता, पुसलं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघे. मॅनेजरना चाचांना काढायचं नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘‘चाचा, यहाँ ‘रोड नोन’ मत लिखो ना जी. ‘रस्ता बंद’ लिख दो. घाट में ॲक्सिडेंट हुआ ही था. लाल कॅन्सल. सब खुश.’’

चाचांनी चष्मा चढवला, फॉर्म वाचला, चष्मा काढला. ‘‘साब, रस्ता बंद नहीं था. रस्ता चालू था. मैं उसी पे से गया.’’

‘‘अरे, लिखने में क्या जाता है?’’

‘‘कल कोई दूसरा ड्रायव्हर देखेगा, ये रस्ता बंद. वो नहीं जाएगा. फिर बाई मरेगी.’’

‘‘तो गोदाम में जाओगे?’’

‘‘नहीं जाएगा.’’

‘‘तो एक्झिट? घर वापस?’’

‘‘वो तुम लिखो. तुम्हारा कागज है. मेरे कागज पे मैं यही लिखेगा.’’

मॅनेजर हताश होऊन माझ्याकडे बघू लागले. चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका वाक्यात ते सुटले असते. याने माझी यादी खराब केली, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना ते म्हणायचंच नव्हतं. दुसऱ्याची चूक सांगून सुटणं त्यांच्या लेखी ‘ट्रॅफिक’ दाबण्यासारखंच होतं. मला आधी त्यांचा राग आला, कारण त्यांनी गप्प राहून मला एकटं पाडलं होतं. मग मला माझा राग आला. मी फॉर्म ओढून घेतला.

‘‘रूट चुकीचा होता,’’ मी म्हणालो. ‘‘दार मी पुसलं. दुहेरी समजून दोनशेच्या वर दारं पुसली. ठिपका माझ्या नावावर टाका.’’

मॅनेजरनी पेन खाली ठेवलं. ‘‘ये ऊपर जाएगा, मालूम है ना? जुबैल भूल जा फिर.’’

‘‘भूल गया,’’ मी म्हणालो, आणि आश्चर्य म्हणजे मला जोरात भूक लागली.

बाहेर आल्यावर चाचा माझे आभार वगैरे मानतील अशी माझी समजूत होती. ते संतापले होते. ‘‘तुला मधी पडायला कोणी सांगितलं? माझा ठिपका होता तो. माझा मी बगितला असता.’’

‘‘चूक माझी होती, चाचा.’’

‘‘हो, ती होतीच. चुकीला मी काय म्हटलं? ठिपका माझा होता.’’ दोन पावलं पुढे जाऊन ते वळले. ‘‘शुक्रवारी सकाळी ये. दारं उघडायची हायत.’’

मी त्यांना दाराचे आकडे, अक्षांश-रेखांश आठवतात का विचारलं होतं. ‘‘मला आकडे येत नायत. मला दारं येतात,’’ ते म्हणाले. म्हणून मग प्रत्येक दाराशी जावं लागलं. सुटीच्या सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, चौदा शुक्रवार आम्ही खमीसच्या गल्ल्यांतून हिंडलो. ते गाडी थांबवत, नाव सांगत, मी खूण दाबत असे. कौलवाला-२. मास्तर-२. कुठे दार ओट्यामागे, कुठे पाण्याच्या टाकीखाली, कुठे पार शेजारच्या गल्लीत.

तेव्हाच त्यांनी मला सांगितलं की गावी ते काही वर्षं बदली पोस्टमन होते. मोहल्ल्यातले बाप्ये बोटीवर नाहीतर आखातात, पुढली दारं बंद, घरात फक्त बायका. पत्र मागल्या पडवीला न्यायचं, हाक द्यायची, उंबऱ्यावर ठेवायचं आणि पाठ करून उभं राहायचं. काही बायकांना वाचता येत नसे; त्या आतून म्हणत, वाच रे बाबा. मग हे अंगणाकडे तोंड करून, कोणाच्याही डोळ्यांत न बघता, नवऱ्याचं पत्र बायकोला वाचून दाखवत. ‘‘पुढल्या दारानं सरकार जातं, नाशिककर,’’ ते म्हणाले. ‘‘दुखणं आणि टपाल मागल्या दारानं जातं.’’

बाराव्या की तेराव्या शुक्रवारी एका घरासमोर त्यांनी गाडी हळू केली. ‘‘सुकी विहीर. शून्य टाक.’’

‘‘शून्य कशाला?’’

‘‘ते वारले. चार वर्षं झाली.’’

‘‘मग इथे काही पोचवायचं नाही ना?’’

‘‘नाय. पण इथनं जाताना हॉर्न वाजवायचा नाय.’’

मी शून्य टाकलं. कंपनीच्या यंत्राने विचारलं, या ठिकाणी काम नाही, तरी ठेवायचं का? चाचांनी माझ्याआधी बोट पुढे करून ‘हो’ दाबलं.

चाचा वर्ष संपताना गेले, स्वतःच्या मर्जीने, स्वतः अर्ज लिहून. निरोपाच्या दिवशी कंपनीने केक आणला होता. त्यांनी तो माकडांना द्यायला सांगितला, आयुष्यात पहिल्यांदाच. विमानतळावर सोडायला तोच केरळचा ड्रायव्हर गेला. मी टेबलाशी बसून पडद्यावर त्याच्या व्हॅनची निळी रेघ बघत होतो. अर्ध्या वाटेवर ठिपका लाल झाला. व्हॅन मोठा रस्ता सोडून घाटाच्या कडेने, त्या जुनिपरच्या झाडावरून, लांबच्या रस्त्याने चालली होती. थोड्या वेळाने चौकट उघडली. केरळचा ड्रायव्हर इंग्रजी झरझर टाइप करत असे, पण हे दोन शब्द त्याने टाइप केले नव्हते हे मला अंतरावरून कळलं, कारण त्यांना फार वेळ लागला होता.

मी जुबैलला गेलो नाही. अजून खमीसलाच आहे, त्याच टेबलाशी, केस थोडे कमी झालेत. यंत्रं दोनदा बदलली. आताची सिस्टिम फार हुशार आहे, दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःहून सांगते: दोनशेहून अधिक दुहेरी नोंदी सापडल्या, काढून टाकायच्या? मी ‘नाही’ दाबतो. ती पुन्हा विचारते, खात्री आहे? मी ‘हो’ दाबतो. मागच्या वर्षी वरून एक पत्रही आलं, की हे डिस्पॅचर सूचना का पाळत नाहीत ते कळवावं. त्याचंही उत्तर मी दिलं.

सगळ्यांत शेवटी चौकट उघडते: कारण द्या. खाली पर्याय असतात. मी खिशातून चष्मा काढतो, ‘इतर’ दाबतो आणि एका बोटाने टाइप करतो.